डोळ्यांच्या नावावर खपवलेली चौकट

सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या कुठल्याही टीव्हीच्या दुकानात ‘पडदा आडवा आयताकृतीच का?’ असं विचारलं, तर उत्तर तयार असतं. माणसाचे दोन डोळे शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे आपल्याला उभ्यापेक्षा आडवं जास्त दिसतं, आणि टीव्ही डोळ्यांच्या मापानं बेतलेला आहे. हे उत्तर दुकानापुरतं राहिलेलं नाही. शाळेत मुलांना तेच सांगितलं जातं, लग्नाचं शूटिंग करणारे तेच सांगतात, आणि घरोघरचे जाणते तर ठासून सांगतात. त्यावर विज्ञानाचा शिक्का बसल्यासारखा वाटतो, म्हणून उलट कुणी विचारत नाही.

या एका उत्तराच्या पोटातून आणखी दोन मतं जन्माला आली आहेत. पहिलं असं, की रुंद ते प्रगत आणि चौकोनाजवळचं ते जुनाट. दुसरं असं, की उभं चित्र अडाणीपणाचं. म्हणून यात्रेत कुणी मोबाईल उभा धरून व्हिडिओ काढला, की शेजारचा त्याला चारचौघांत सुनावतो. घरात जुना मराठी चित्रपट लागला आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या, की कुणीतरी रिमोट उचलतो आणि चित्र ताणून पडदा भरून टाकतो. ‘एवढा मोठा टीव्ही घेतला तो काय पट्ट्या बघायला?’

ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यामुळे होणारं नुकसान खरं आहे. आयत डोळ्यांनी मागितलेला नाही. तो काचेनं, फिल्मच्या पट्टीनं, विजेच्या मंडलांनी आणि व्यापारातल्या तडजोडींनी घडवला. जे माणसांनी सोयीसाठी ठरवलं, ते निसर्गाच्या नावावर खपवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आधी डोळ्यांचंच बघू. दोन्ही डोळ्यांनी मिळून माणसाला आडवं सुमारे २०० अंश आणि उभं सुमारे १३० अंश दिसतं. या क्षेत्राला कोपरे नाहीत. वर भुवई आणि मधे नाक यांनी अडवलेलं, वाकड्या कडांचं, लंबगोलाकडे झुकणारं असं ते क्षेत्र आहे. त्याच्या कडेला अक्षर वाचता येत नाही, रंगही नीट ओळखू येत नाही. दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसणारा भाग आणखी लहान, सुमारे १२० अंशांचा, आणि तो तर गोलाच्या बराच जवळचा. ज्या भागानं आपण खरोखर बारकाईनं पाहतो, तो दृष्टिपटलावरचा ठिपकाही गोलच. हात लांब करून अंगठा समोर धरला, तर त्याच्या नखाएवढ्या जागेत त्याची हद्द संपते. डोळ्यांच्या मापानंच पडदा बेतायचा होता, तर तो गोल किंवा लंबगोल का झाला नाही? हे चार काटकोन कुठल्या डोळ्यातून आले?

अंतराचा हिशेब केला तर हा दावा पुरता कोसळतो. ४३ इंची टीव्हीचा पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. दहा फुटांवर बसून पाहिलं, तर आडव्या २०० अंशांपैकी तो जेमतेम १८ अंश व्यापतो आणि उभ्या १३० पैकी दहा. पडद्याच्या बाहेर भिंत दिसते, कॅलेंडर दिसतं, खिडकी दिसते, शेजारी बसलेला माणूस दिसतो. तोच पडदा उभा करून टांगला तरी तो दृष्टीच्या कडेपर्यंत पोचणार नाही. मग दृष्टिक्षेत्राचा आडवेपणा इथे कामाला येतो कुठे? शिवाय याच डोळ्यांनी आपण पुस्तक वाचतो. पुस्तकाचं पान उभं, वहीचं पान उभं, वर्तमानपत्राचा स्तंभ तर चिंचोळा. छपाई सुरू झाल्यापासून कुणी तक्रार केलेली नाही, की उभं पान डोळ्यांच्या रचनेविरुद्ध आहे.

कुणी सुवर्ण गुणोत्तराचा दाखला देतात. ते गुणोत्तर १.६१८. जुना टीव्ही १.३३ चा, आताचा १.७८ चा. दोन्ही चुकले. या मुद्द्याला याहून जास्त जागा देण्याची गरज नाही.

इतिहास तर या मताच्या थेट विरोधात उभा आहे. १८८८ साली ईस्टमन यांनी बाजारात आणलेल्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यातून गोल फोटो निघत, अडीच इंच व्यासाचे. कारण साधं होतं: भिंग जी प्रतिमा पाडतं ती गोलच असते. एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी १८९१ साली हलत्या चित्राचे जे सुरुवातीचे प्रयोग केले, त्यांतली चौकटही गोल होती. टेलिव्हिजनचं पाहायचं, तर जॉन लोगी बेअर्ड यांची तीस रेघांची पद्धत वापरून बीबीसीनं १९२९ ते १९३५ या काळात जी प्रक्षेपणं केली, त्यांतलं चित्र उभं होतं. उंची सात भाग, रुंदी तीन भाग. तीस रेघांत दाखवण्यासारखं एकच काही होतं, ते म्हणजे माणसाचा चेहरा आणि खांदे, आणि त्याला उभी चौकट बरोबर बसत होती. उभं चित्र म्हणजे मोबाईलनं लावलेली वाईट सवय, असं म्हणणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. टेलिव्हिजनची सुरुवातच उभ्या चित्रानं झाली. बेअर्ड यांच्या प्रेक्षकांचे डोळे काय एकावर एक होते?

मग आयत आला कुठून? याचं उत्तर साताऱ्या-सांगलीतल्या त्या जुन्या मेकॅनिकांना हातानं माहीत आहे, ज्यांनी पिक्चर ट्यूबचे संच दुरुस्त केले. एक बिघाड तेव्हा घरोघर ओळखीचा होता: चित्र अचानक मिटायचं आणि काळ्या पडद्यावर मधोमध एकच झगझगीत आडवी रेघ उरायची. मेकॅनिक बघताक्षणी म्हणायचा, ‘व्हर्टिकल गेलं.’ मागचं झाकण उघडलं, की ट्यूबच्या मानेवर तांब्याच्या तारांचं योक बसवलेलं दिसे. त्यात कॉइलच्या दोन जोड्या. एक जोडी इलेक्ट्रॉनची शलाका डावीकडून उजवीकडे ओढते, दुसरी तिला वरून खाली उतरवते. दुसरीचं काम थांबलं, की सगळ्या रेघा एकाच जागी साचतात. व्हर्टिकलचा आयसी बदलला, की ती रेघ वर-खाली उघडत जायची. मग ‘हाइट’चा प्रीसेट हळूहळू फिरवून चित्र वरच्या आणि खालच्या कडेपर्यंत न्यायचं. टीव्हीचा आयत हा असा तयार होत होता. दोन प्रवाह, एक आडवा आणि एक उभा, ठरावीक वेगानं सरकणारे. सारख्या लांबीच्या रेघा एकाखाली एक रचल्या की आयत होतो. डोळ्यांचा यात काही संबंध नाही.

भारतानं स्वीकारलेल्या पद्धतीत एका चित्रात ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रं होती. म्हणजे एका रेघेला ६४ मायक्रोसेकंद, त्यातले सुमारे ५२ प्रत्यक्ष चित्रासाठी. प्रत्येक रेघेला सारखा वेळ, हा या यंत्रणेचा पाया. गोल चित्र पाठवायचं म्हटलं, तर वरची रेघ आखूड, मधली लांब, खालची पुन्हा आखूड. एकतर शलाकेचा वेग दर रेघेला बदला, नाहीतर आखूड रेघांचा उरलेला वेळ फुकट घालवा. चौरसात बसवलेलं वर्तुळ चौरसाची साडेअठ्ठ्याहत्तर टक्के जागाच वापरतं. म्हणजे हवेतून पाठवलेल्या संदेशाचा पाचवा हिस्सा वाया गेला असता. अभियंत्यांनी आयत निवडला, त्याचं कारण हे होतं, आणि ते उत्तम कारण होतं. ते सांगायचं सोडून डोळ्यांची गोष्ट का सांगायची?

काचेला मात्र आयत नकोच होता. पिक्चर ट्यूबच्या आतली हवा काढून घेतलेली असते आणि बाहेरून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब पडत राहतो. २१ इंची पडद्याचं क्षेत्रफळ काढलं तर त्याच्या एकट्या पुढच्या काचेवर जवळपास १४०० किलोंचा भार येतो. असा भार गोल, फुगीर काच सहज सोसते. कोपऱ्यांची, सपाट काच तडकते. म्हणून सुरुवातीच्या ट्यूब गोल होत्या. १९४६ साली आरसीए कंपनीनं अमेरिकेत काढलेल्या संचात दहा इंची गोल ट्यूब होती आणि तिच्या पुढे चौकट लावून कडा झाकलेल्या होत्या. झेनिथनं तर पूर्ण गोल पडद्याचे संच विकले. अमेरिकेतल्या रंगीत संचांच्या ट्यूब १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक गोलच होत्या. आपल्याकडे १९८०च्या दशकात जे संच शटरच्या लाकडी कपाटात येऊन बसले, त्यांच्या पडद्याचे कोपरे गोलसर आणि पोट पुढे आलेलं होतं, ते याच दाबामुळे. ‘रामायण’ पाहायला १९८७ साली ज्या घरांच्या सोप्यात अर्धी आळी जमायची, तिथे कुणालाही त्या गोल कोपऱ्यांचा डोळ्यांना त्रास झाला नाही.

आणि चाराला तीन हे माप? तेही डोळ्यांचं नव्हे. डिक्सन यांनी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली, तिच्या दोन्ही कडांना भोकं पाडली आणि एका चित्राला चार भोकांची उंची दिली. उरलेली जागा एक इंच रुंद आणि पाऊण इंच उंच. झालं ४:३. फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली याच पट्टीवर उतरला आणि कोल्हापुरात बाबूराव पेंटरांची ‘सैरंध्री’ १९२० साली याच पट्टीवर. बोलपट आला तेव्हा आवाजाची रेघ ठेवायला फिल्मच्या एका कडेला जागा करावी लागली आणि चौकट १.३७ वर स्थिरावली. म्हणजे चित्राचा आकार कानांसाठी बदलला. पुढे टीव्हीनं सिनेमाचंच माप उचललं, कारण टीव्हीवर सिनेमे दाखवायचे होते. बीबीसी १९३६ पासून ५:४ वापरत होती. तिनं १९५० साली ४:३ घेतलं. त्या वर्षी ब्रिटिशांचे डोळे काही रुंद झाले नाहीत.

आता ‘रुंद म्हणजे प्रगत’ याकडे वळू. १९५०च्या सुमारास अमेरिकेत घरोघर टीव्ही पोचला आणि चित्रपटगृहं ओस पडू लागली. टीव्ही देऊ शकणार नाही असं काहीतरी द्यायचं, म्हणून १९५२ साली सिनेरामा आला आणि १९५३ साली सिनेमास्कोपमधला ‘द रोब’. आपल्याकडे गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ १९५९ साली सिनेमास्कोपमध्ये आला. रुंदी हे गल्ला परत मिळवण्याचं हत्यार होतं. पुढे सिनेमाची मापं इतकी झाली, की एका टीव्हीत ती सगळी बसवायची कशी हा प्रश्न पडला. १९८०च्या दशकात केर्न्स पॉवर्स या अभियंत्यानं प्रचलित मापांचे, सारख्या क्षेत्रफळाचे आयत काढले, एकमेकांवर मध्य जुळवून ठेवले आणि सगळ्यांना सामावणाऱ्या चौकटीचं माप मोजलं. ते निघालं १६:९. जुन्या ४:३ आणि रुंद २.३५ या दोन टोकांच्या बरोबर मधलं. या मापात सुरुवातीला एकही सिनेमा काढलेला नव्हता. म्हणूनच ते सगळ्यांना चाललं. आज ज्या आकाराला डोळ्यांचा आकार म्हणतात, तो हा कागदावरचा समझोता आहे.

आणि आता कारखाना पाहा. एलसीडीचा पडदा काचेच्या मोठ्या तावातून कापतात. २२०० गुणिले २५०० मिलिमीटरच्या एका तावातून ५५ इंची सहा पडदे निघतात, फारच थोडी काच उरते. पडद्यातले बिंदू आडव्या ओळी आणि उभे स्तंभ यांच्या जाळीत बसवलेले, कडेनं त्यांना वीज पुरवणारी मंडलं. गोल पडदा करता येतो, घड्याळांत तो असतोही. पण मोटोरोलाच्या २०१४ सालच्या गोल घड्याळात त्या मंडलांना जागा द्यायला तळाशी एक काळी फीत सोडावी लागली होती. कापायला सोपं, जोडायला सोपं, पेटीत भरायला सोपं, म्हणून आयत.

रुंदी हीच प्रगती असती, तर आणखी रुंद पडदा जिंकायला हवा होता. फिलिप्सनं २००९ साली २१:९ चा टीव्ही आणला, आणि काही वर्षांतच तो गुंडाळावा लागला. लॅपटॉप आधी १६:९ कडे गेले, कारण टीव्हीच्या मापाची काच स्वस्त पडत होती. आता अनेक कंपन्या पुन्हा १६:१० आणि ३:२ अशा उंच पडद्यांकडे वळल्या आहेत, कारण काम करणाऱ्याला उंची लागते. यात प्रगतीची सरळ रेषा कुठे आहे?

काही जण इथे परंपरेचा आधार घेतात. नाटकाचा रंगमंचसुद्धा आडव्या चौकटीचाच, मग टीव्हीनं तेच उचललं तर बिघडलं कुठे? सांगलीत राहून हे म्हणणं तर फारच धाडसाचं. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीता स्वयंवर’ सादर केलं, त्या सांगलीत चित्रचौकटीचा रंगमंच नव्हता. तसं थिएटर मराठी नाटकाला भेटलं ते मुंबईत, १८५३ साली भावे यांची मंडळी ग्रँट रोडच्या नाट्यगृहात उतरली तेव्हा. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांचा तमाशा तर तिन्ही बाजूंना बसलेल्या माणसांत उभा राहायचा. कुंडलच्या कुस्ती मैदानात आजही लोक डोंगराच्या उतारावर चहूबाजूंनी बसतात आणि मल्ल मधे भिडतात. या मातीत पाहण्याची सवय चौकटीची नव्हती, गराड्याची होती. चौकट नंतर आली, बाहेरून आली, आणि तिचा फायदाही झाला. पण ती आपल्या पाहण्याचा मूळ धर्म होती असं सांगणं हे खोटं आहे.

राहिला मोबाईल उभा धरणाऱ्यांचा गुन्हा. सातारा जिल्ह्यातल्या पाडळी-निनामच्या सासनकाठीला जोतिबाच्या चैत्र यात्रेत पहिला मान आहे. उंच काठी, तिला गुंडाळलेलं कापड, वर निशाण, खाली ती खांद्यावर पेलणारा माणूस आणि चारी बाजूंनी दोऱ्या ओढून तोल सांभाळणारे गडी. गुलालानं हवा लाल झालेली असते. या दृश्याचा सगळा प्राण उंचीत आहे: तळाला घामानं चिंब झालेला चेहरा आणि टोकाला फडफडणारं निशाण. मोबाईल आडवा धरला तर दोन्हींपैकी एक कापलं जातं, किंवा इतकं मागं जावं लागतं की काठी काडीएवढी होते. वाईजवळच्या बावधनला रंगपंचमीच्या दिवशी बगाड निघतं, तेव्हा शिडाला टांगलेला बगाड्या वर आणि गाडा ओढणारे बैल खाली. या दोन टोकांमध्येच ते बगाड आहे. ठोसेघरचा धबधबा आडव्या चौकटीत घेतला तर पाण्यापेक्षा डोंगरच जास्त दिसतो. समोरची गोष्ट उभी असेल तर चौकट उभी, एवढी साधी अक्कल वापरणारा पोरगा अडाणी कसा? बैलगाडा शर्यतीला आडवी चौकट शोभते, हे मान्य. तिथे गोष्टच आडवी धावते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तेव्हा गच्चीवरून, होडीतून, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून लोकांनी जे चित्रण केलं, ते बरंचसं उभं होतं. वाहिन्यांनी तेच दाखवलं, मधे उभं चित्र आणि दोन्ही बाजूंना त्याचीच धूसर केलेली पट्टी, कारण पडदा रिकामा दिसणं म्हणे चालत नाही. एका हातानं कठडा धरून दुसऱ्या हातानं बुडालेली पेठ दाखवणाऱ्या माणसाला ‘आडवा धर’ असं कुणी सांगायचं? मोबाईलचा आकार हाताच्या पंज्यानं ठरवला, टीव्हीचा काचेच्या तावानं. दोन्ही सोयीच आहेत. एक सोय सुसंस्कृत आणि दुसरी गावंढळ, हा निवाडा कुठल्या नियमानं झाला?

पण या समजुतीचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो जुन्या चित्रांना, आणि खरा राग येतो तो तिथे. ज्यांचं नाव नागठाण्याशी कायमचं जोडलेलं आहे, ते बालगंधर्व ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’मध्ये १९३५ साली एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर आले. पुढच्याच वर्षी दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ आला. दोन्ही चौकोनाजवळच्या चौकटीत बांधलेले. त्या चौकटीत माणूस कुठे बसेल, त्याच्या डोक्यावर किती जागा सुटेल, दाराची चौकट कुठे येईल, हे सगळं विचार करून ठरवलेलं आहे. असं चित्र १६:९ मध्ये ताणलं, की ते सुमारे एक तृतीयांशानं रुंद होतं. चेहरा पसरतो, पगडी चपटी होते, वीणेचा भोपळा लांबट होतो, चालणारा माणूस बुटका दिसतो. ताणलं नाही आणि वरून-खालून कापलं, तर चित्राचा जवळपास चौथा हिस्सा जातो: कपाळ जातं, पाय जातात, हातातले टाळ जातात. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हापासून कित्येक वर्षं जे काही मराठीत ध्वनिचित्रित झालं, नाट्यसंगीताच्या मैफली, मुलाखती, नाटकं, ते सगळं ४:३ मध्ये आहे. आजची मुलं ते पहिल्यांदा बघतात तेव्हा पसरलेले चेहरे बघतात, आणि जुनं असंच बेढब असायचं असं समजतात. त्यांच्या नजरेवर हा अन्याय आहे आणि त्या कलावंतांवरही.

औंधला यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं श्रीभवानी संग्रहालय आहे. तिथे रविवर्मा यांची चित्रं आहेत, इतर नामवंतांची आहेत. उभी आहेत, आडवी आहेत, लहान-मोठी आहेत. दोन चित्रांच्या मधे भिंत मोकळी दिसते म्हणून तिथला कुणी चित्र ओढून रुंद करेल का? भिंत पूर्ण भरली नाही म्हणून पैसे वाया गेले, असं बघणारा म्हणेल का? पडद्यावरची काळी पट्टी म्हणजे ती मोकळी भिंत. तिला घाबरण्यासारखं काही नाही, आणि तिनं कुणाचं काही चोरलेलं नाही. उलट ती पट्टी पुसण्यासाठी जो रिमोट उचलतो, तोच चित्रातलं काहीतरी चोरतो.

तेव्हा भीडभाड न ठेवता म्हणायला हवं: टीव्हीचा आयत ही कारखान्याची आणि व्यापाराची सोय आहे, डोळ्यांचा नियम नाही, १६:९ हा समझोता आहे, प्रगतीचा कळस नाही, उभी चौकट ही चूक नाही, आणि पडदा व चित्र यांच्या आकारात तंटा झाला, तर माघार पडद्यानंच घ्यायची, कारण चित्र कुणीतरी विचार करून बांधलेलं असतं. जुने चित्रपट दाखवणाऱ्या वाहिन्यांनी आणि स्थानिक केबलवाल्यांनी ते मूळ मापात दाखवावेत, बाजूच्या काळ्या पट्ट्यांसह. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी आजी-आजोबांच्या लग्नाची जुनी कॅसेट डिजिटल करून देताना ती रुंद करून देऊ नये. गिऱ्हाईक आग्रह धरेल, तर त्याला समजावून सांगावं. घरातल्या टीव्हीच्या मेनूत ‘पिक्चर साइज’ नावाचा पर्याय असतो. त्यात ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ‘धर्मात्मा’ लागेल तेव्हा ते निवडावं, आणि कुणी ‘पट्ट्या का ठेवल्यास?’ असं विचारलं, तर बालगंधर्वांचा चेहरा एवढाच होता, असं सांगावं.